जन्मठेपी बंद्याचे अवघड दिवस ओळखायचे कसे

भाचा कारागृह शिपाई झाला आणि त्यानं पहिलंच विचारलं, "मामा, खुनी माणसांना सांभाळायचं कसं?" तीस वर्षं तुरुंगात नोकरी करून मी अमळनेरला परतलोय. त्याला सांगितलं तेच नव्या भरतीतल्या सगळ्यांसाठी लिहितोय.

जन्मठेपी म्हणजे बॅरकमधला सगळ्यात खतरनाक माणूस, हा समज आधी सोड. आपल्याकडचे कितीतरी जण बांधावरून, विहिरीच्या पाण्यावरून झालेल्या भांडणात आत आलेत. त्यांना माफीचे, म्हणजे चांगल्या वागणुकीबद्दल शिक्षेतून कमी होणारे, दिवस गमवायचे नसतात. नियम पाळून राहतात.

धोका असतो तो त्यांच्या स्वतःच्या जिवाला. शिक्षा लागल्यावरचे पहिले आठवडे, अपील फेटाळल्याचा दिवस, रजा नामंजूर झाल्याचा दिवस. जळगाव-धुळ्याहून नाशिकरोडच्या मध्यवर्ती कारागृहात रवानगी झाली, की अक्कलकुव्याच्या बाईला नवऱ्याच्या मुलाखतीसाठी, म्हणजे तुरुंगातल्या भेटीसाठी, मजुरी बुडवून एसटीचं भाडं जमवावं लागतं. मग मुलाखती तुटतात.

रावेरकडच्या एका केळीवाल्याची तीन महिने मुलाखत आली नव्हती. एका संध्याकाळी त्यानं आपली चादर, साबण शेजाऱ्याला देऊन टाकला. मला वाटलं, मन मोठं आहे. पहाटे शेजाऱ्याला जाग आली म्हणून तो वाचला. ती संध्याकाळ मी विसरलेलो नाही.

असं काही दिसलं तर सरळ विचार, "भाऊ, जीव द्यायचं मनात येतंय का?" विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. दरडावू नको, एकट्याला कोठडीत ठेवू नको. समंजस बंद्याशेजारी झोपव. तुरुंगाधिकारी आणि डॉक्टरांना लगेच कळव, नोंदवहीत लिही आणि पुढच्या पाळीवाल्याला तोंडीही सांग.

"चौदा वर्षांत सुटशील" असं कुणालाही म्हणू नको. जन्मठेप म्हणजे मरेपर्यंत कैद, हे गोपाळ गोडसेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९६१ सालीच सांगितलंय. खुनासारख्या गुन्ह्यात चौदा वर्षं प्रत्यक्ष भोगल्याशिवाय सरकारला शिक्षा कमी करून सोडता येत नाही, एवढाच त्या आकड्याचा अर्थ. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ४३३-अ होतं, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं ४७५. खोट्या आशेवर दिवस मोजणारा माणूस पंधराव्या वर्षी कोसळतो.

सुटकेचा आदेश आला तरी लक्ष असू दे. चोपड्याकडच्या एका म्हाताऱ्यानं आदल्या रात्री मला विचारलं, "साहेब, मना घरमा आते कोन शे?" माझ्या घरी आता कोण आहे, असं. मुलाखतीच्या जुन्या नोंदीत पुतण्याचा नंबर सापडला. अधिकाऱ्यांना सांगून फोन लावला. सकाळी पुतण्या गेटवर उभा होता.