स्टेरॉइड घेतलेल्या बेसबॉलपटूला चीटर म्हणायचं का? ठरवायच्या आधी एवढं बघा

परवा तालमीत प्रॅक्टिस संपल्यावर मातीतच बसून दोन पोरांचं जुंपलं. एकाच्या मोबाईलवर बॅरी बॉन्ड्सचा व्हिडिओ, २००१ च्या सीझनला मारलेले ७३ होम रन, आणि हा म्हणतोय असला बॅटर परत होणार नाही, दुसरा म्हणतोय इंजेक्शनवर मारलेत, चीटर आहे तो, विषय संपला. अर्धा तास चाललं आणि दोघांनाही हे माहीत नव्हतं की त्या साली तिथं स्टेरॉइडची टेस्टच होत नव्हती. मी बरीच वर्षं बेसबॉल बघतोय आणि त्याच्या आधी आठ वर्षं लंगोट लावून माती अंगाला लावलीय, त्यामुळं हा विषय मला लई जवळचा आहे. कुणाला चीटर म्हणायचं हे मी कसं ठरवतो ते सांगतो, पटलं तर घ्या.

ज्यांनी बेसबॉल कधी बघितलंच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, होम रन म्हणजे आपला सिक्सर धरा, बॉल कुंपणाबाहेर. अमेरिकेतल्या मेजर लीगमध्ये एका टीमला सीझनला १६२ मॅच असतात म्हणजे सहा महिने जवळजवळ रोज खेळायचं. स्टेरॉइडचा खरा फायदा इथं आहे. बॉल बॅटवर घेणं हे नजरेचं आणि हाताचं काम, ते सुईतनं येत नाही, पण स्नायू वाढतो आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे दमलेलं अंग लवकर भरून येतं, आज हजार जोर मारले तरी उद्या परत हजार मारता येतात. पहिलवानाला हे वेगळं सांगायला नको. बॉन्ड्सनं ७३ मारले तेव्हा तो ३७ वर्षांचा होता, आणि त्या वयात अंग कसं बोलतंय ते ज्याचं त्याला माहीत.

सगळ्यात आधी साल विचारा

समोरचा चीटर म्हणाला की पहिला प्रश्न हाच, कुठल्या सालची गोष्ट? कारण काळाप्रमाणं नियम बदलत गेला.

लोक दोन्हीकडनं चुकतात. एक पार्टी म्हणते तेव्हा नियमच नव्हता. चूक. १९९० मध्ये अमेरिकेत कायदा झाला आणि डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय स्टेरॉइड बाळगणं गुन्हा ठरलं. १९९१ ला तेव्हाचे कमिशनर, म्हणजे लीगचे प्रमुख, फे व्हिन्सेंट यांनी सगळ्या टीमना लेखी कळवलं की बंदी असलेल्या ड्रग्जमध्ये स्टेरॉइडपण येतं. म्हणजे मनाई होती. दुसरी पार्टी म्हणते मनाई होती म्हणजे सरळ चीटिंग, तेही अर्धंच, कारण टेस्ट नव्हती, टेस्ट करायची तर खेळाडूंच्या युनियनची संमती पाहिजे आणि ती मिळत नव्हती, म्हणून ते पत्र कागदावरच राहिलं. खासबागेत कुस्ती लावली, हौद्यात पंचच नाही, आणि भिंतीवर नियमांचा बोर्ड टांगलाय, तसा प्रकार.

२००२ ला करार झाला. २००३ ला नावं न फोडता टेस्ट घेतल्या, ठरलं होतं की ५ टक्क्यांच्या वर पॉझिटिव्ह आले तर पुढं रीतसर टेस्ट लागू, आणि ५ ते ७ टक्क्यांच्या मध्ये आकडा आला. २००४ पासनं टेस्ट सुरू, पण पहिल्यांदा सापडला तर फक्त उपचार. २००५ ला पहिल्या वेळेला १० दिवसांची बंदी, त्याच वर्षाच्या शेवटी ते ५० मॅचवर नेलं, २०१४ पासनं ८० मॅच. दुसऱ्यांदा सापडला तर आता १६२, तिसऱ्यांदा कायमचा बाहेर.

म्हणून मी तीन ढीग करतो. १९९१ च्या आधीचे, १९९१ ते २००३ मधले, आणि २००४ नंतरचे. शेवटच्या ढिगात वाद नाही. पंच उभा आहे, नियम वाचून दाखवलाय, सही केलीय, तरी घेतलं, मग तो चीटर. मॅनी रामिरेझ नावाचा बॅटर २००९ ला ५० मॅच बंदीत बसला आणि २०११ ला परत सापडला, त्याच्यासाठी मला दुसरा शब्द सुचत नाही. सगळी गुंतागुंत आहे ती मधल्या ढिगात.

काय घेतलं होतं?

हे पटकन बघून पुढं जायचं. १९९८ ला मार्क मॅग्वायर होम रनचा रेकॉर्ड मोडायच्या नादात असताना त्याच्या लॉकरमध्ये अँड्रो नावाच्या ताकद वाढवायच्या सप्लिमेंटची बाटली एका पत्रकाराला दिसली. ती तेव्हा दुकानात उघड मिळायची, बेसबॉलमध्ये चालत होती, ऑलिम्पिकमध्ये बंदी होती. नुसत्या त्या बाटलीवरनं त्याला चीटर म्हणता येत नाही. पण २०१० च्या जानेवारीत त्यानं स्वतः कबूल केलं की स्टेरॉइडपण घेत होतो, १९९८ लासुद्धा. तिथं हिशेब बदलला. आणि त्याच्या आधी कित्येक दशकं खेळाडू मॅचच्या आधी अँफेटामिनच्या गोळ्या खायचे, तरतरी यायला, त्याच्यावर बेसबॉलमध्ये टेस्टसकट बंदी आली २००६ ला. जुन्या लोकांना देवमाणूस आणि नव्यांना चोर म्हणताना हे डोक्यात ठेवा.

पुरावा कसला आहे ते बघा

इथं आपली लोकं लई घसरतात. "दंड बघ की त्याचे, घेतल्याशिवाय होतंय होय" असं म्हणून मोकळं. आपल्याकडं म्हशीचं दूध, बदामाची थंडाई आणि पहाटे तीनला उठून केलेली मेहनत एवढ्यावर डोंगरासारखे झालेले पहिलवान मी डोळ्यांनी बघितलेत, अंग बघून निकाल देणाऱ्यावर माझा विश्वास नाही.

जेफ बॅगवेल हा बॅटर घ्या. टेस्टमध्ये कधी सापडला नाही, लीगनंच करवून घेतलेल्या स्टेरॉइड चौकशीच्या, २००७ च्या मिचेल अहवालात ८९ खेळाडूंची नावं आली त्यात त्याचं नाव नाही, तरी अंगाच्या ठेवणीवरनं संशय घेतला गेला आणि हॉल ऑफ फेमला, म्हणजे पत्रकारांच्या मतदानानं थोर खेळाडूंना जिथं मान मिळतो तिथं, मतदानाच्या सातव्या वर्षी, २०१७ ला, जागा मिळाली. ते मला अजून खटकतं.

टेस्टमध्ये सापडला किंवा स्वतः कबूल केलं, तर पूर्ण वजन. कुणी शपथेवर सांगितलं तर वजन आहे, पण 'आरोप' हा शब्द सोडायचा नाही. रॉजर क्लेमेन्स ह्या पिचरचं (आपला बॉलर धरा) नाव मिचेल अहवालात आलं ते त्याच्या जुन्या ट्रेनरच्या सांगण्यावरनं, क्लेमेन्स शेवटपर्यंत नाही म्हणाला, आणि खोटं बोलल्याच्या खटल्यातनं २०१२ ला निर्दोष सुटला. बॉन्ड्सचं प्रकरण निघालं खेळाडूंना स्टेरॉइड पुरवणाऱ्या बाल्को नावाच्या लॅबमधनं, बॉन्ड्सनं ग्रँड ज्युरीपुढं (खटला भरायचा का हे ठरवणारं पंचमंडळ) सांगितलं की ट्रेनरनं दिलेलं मी जवसाचं तेल आणि सांधेदुखीचं मलम समजून वापरलं. २०११ ला न्यायात अडथळा आणल्याबद्दल दोषी, २०१५ ला वरच्या कोर्टानं तेही रद्द केलं. जवसाच्या तेलाची गोष्ट मला पटत नाही, हे माझं मत, कारण एवढा मोठा खेळाडू अंगाला काय लावतोय हे न विचारता लावत नाही. पण माझं मत आणि पुरावा ह्या दोन गोष्टी आहेत हे कट्ट्यावर बोलताना मी आधी सांगतो.

खोटं बोलला का?

ह्याला मी सगळ्यात जास्त मार्क देतो आणि त्याला कारण आहे.

एकदा जत्रेच्या मैदानात माझी जोड लागली होती तालमीतल्याच एका जवळच्या मित्राबरोबर. आम्ही दोघं एकाच हौद्यात घाम गाळलेले, तो वर्षभर मला सांगायचा फक्त दूध आणि बदाम वाढवलेत. सहाव्या मिनिटाला मी चितपट. इनामाची रक्कम आज बोलायच्या लायकीची नाही, पण त्या वर्षी घरात दुभती म्हैस असूनही दूध सगळं माझ्या खुराकाला जायचं आणि घरात चहा कोराच व्हायचा, आईनं कधी बोलून दाखवलं नाही. आठ महिन्यांनी तो स्वतः घरी आला आणि म्हणाला एका जिमवाल्याकडनं सुया घेत होतो. मला त्या सुयांचा राग तितका आला नाही. वर्षभर माझ्या शेजारी बसून दूध-बदाम सांगत होता त्याचा आला, कारण तो खरं बोलला असता तर ती जोड घ्यायची का नाही हे मला ठरवता आलं असतं. तो घरी येऊन बोलला म्हणून आज आमचं बोलणं आहे.

तेच माप मी तिथं लावतो. अँडी पेटिट, पिचर, २००७ ला नाव आल्यावर त्यानं कबूल केलं की कोपर दुखावलं तेव्हा ग्रोथ हॉर्मोन घेतलं, माफी मागितली, आणि खेळत राहिला. राफेल पाल्मेरो २००५ च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या संसदेच्या कमिटीपुढं बोट रोखून म्हणाला मी स्टेरॉइड कधीच घेतलेलं नाही, आणि त्याच ऑगस्टमध्ये तो स्टॅनोझोलॉल ह्या स्टेरॉइडसाठी सापडल्याचं जाहीर झालं. ३००० च्या वर हिट आणि ५०० च्या वर होम रन असलेला माणूस, आज लोकांना ते बोट आठवतंय.

आणि ज्यांनी नियमच नव्हता म्हणून सांगितलं त्यांना एकच विचारा, मग लपवलं का? जे चालत होतं ते अँड्रो मॅग्वायरच्या लॉकरमध्ये समोर ठेवलेलं होतं, स्टेरॉइडबद्दल मात्र तो २०१० पर्यंत बोलला नाही. कळत होतं त्यांना.

मैदान भरवणाऱ्यालाही हौद्यात घ्या

ही पायरी बहुतेक जण विसरतात. १९९४ ला बेसबॉलमध्ये संप झाला, वर्ल्ड सीरिज म्हणजे सीझनची फायनल रद्द, लोक रागावून लांब गेले. १९९८ ला मॅग्वायरचे ७० आणि सॅमी सोसाचे ६६ होम रन, एका सीझनमधला रॉजर मॅरिसचा १९६१ चा ६१ चा रेकॉर्ड दोघांनी मोडला, अख्खी अमेरिका परत टीव्हीपुढं. मालकांची तिकिटं खपली, चॅनेलवाल्यांचं भागलं, आणि तेव्हा कमिशनर होते बड सेलिग. त्या सेलिगना २०१७ ला हॉल ऑफ फेममध्ये घेतलं. बॉन्ड्सला २०२२ ला पत्रकारांच्या मतदानातल्या शेवटच्या संधीला ६६ टक्के मतं, क्लेमेन्सला ६५, लागतात ७५, दोघंही बाहेर. आपल्याकडं नुरा कुस्ती झाली तर लोक फक्त दोन पहिलवानांना नावं ठेवत नाहीत, जोड कुणी लावली तेपण विचारतात. तिथं हे विचारणारे कमीच, आणि जोवर सगळे ते विचारत नाहीत तोवर एकट्या खेळाडूवर शिक्का मारणं मला अन्याय वाटतो.

"सगळेच घेत होते" हे मान्य करू नका

२००३ चा आकडा वर दिलाय, ५ ते ७ टक्के. टेस्ट होणार हे आधी माहीत होतं, तेव्हा खरे घेणारे जास्त असणार हे धरलं तरी सगळेच हे खोटं आहे, आणि जे घेत नव्हते त्यांच्या तोंडावर मारल्यासारखं आहे.

फ्रेड मॅग्रिफ नावाचा बॅटर होता. त्याच्यावर कधी कुणी बोट ठेवलं नाही. ४९३ होम रन, ५०० ला ७ कमी, आणि १९९४ ला ३४ मारून जोरात असताना संपामुळं सीझनच बंद पडला. आजूबाजूला ६०-७० चे आकडे यायला लागल्यावर त्याचे वर्षाचे ३०-३५ कुणाला दिसेनात. पत्रकारांच्या मतदानात दहा वर्षांत ४० टक्क्यांपर्यंतसुद्धा गेला नाही, शेवटी २०२२ च्या डिसेंबरमध्ये वेगळ्या कमिटीनं एकमतानं घेतलं. चीटिंग झालं का, हा प्रश्न मी बॉन्ड्सकडं बघून विचारत नाही, मॅग्रिफकडं बघून विचारतो. आणि ज्यांचं नावसुद्धा आपल्याला माहीत नाही, खालच्या लीगमध्ये स्वच्छ खेळत बसले आणि वरची जागा दुसऱ्याला गेली, त्यांच्याकडं.

"तो तसाही ग्रेट होता" हेपण चालत नाही. बॉन्ड्स होताच, १९९८ च्या आधी तीन वेळा एमव्हीपी, म्हणजे सीझनचा सर्वोत्तम खेळाडू. पण तगडा पहिलवान अंगाला तेल चोळून हौद्यात उतरला तर तसाही जिंकला असता म्हणून आपण सोडतो का?

माझा निकाल विचाराल तर बॉन्ड्स आणि क्लेमेन्सला हॉलमध्ये घ्या आणि पाटीवर सगळं लिहा, आकडेपण आणि आरोपपण. पाल्मेरो आणि २०१४ चा अख्खा सीझन बंदीत घालवलेला अॅलेक्स रॉड्रिगेझ, दोघंही टेस्ट सुरू झाल्यानंतरचे, त्यांना मी मत देणार नाही. बॉन्ड्सनं हँक अॅरनचा अख्ख्या करिअरमधल्या ७५५ होम रनचा रेकॉर्ड मोडला तो ७५६ वा बॉल आज हॉल ऑफ फेमच्या कूपर्सटाउनमधल्या म्युझियमकडं आहे, ज्यानं विकत घेतला त्यानं लोकांचं मत घेऊन त्याच्यावर चांदणीचा (*) ठसा, म्हणजे ह्या रेकॉर्डवर शंका आहे ही खूण, मारून दिलाय. बॉल पण आहे, ठसा पण आहे. मला ते बरोबर वाटतं.

आपल्या पोरांना मात्र हा जुना हिशेब लावू नका. आजच्या नियमात शरीरात सापडलं की जबाबदारी खेळाडूची, कसं गेलं हे त्यानंच सिद्ध करायचं. नरसिंग यादव, तीन वेळचा महाराष्ट्र केसरी, २०१६ ला टेस्टमध्ये सापडला, कुणीतरी खाण्यात मिसळलं हे नाडानं (भारतातली डोपिंग तपासणारी संस्था) मान्य करून सोडलं, तो रिओला पोचला, आणि लढतीच्या आदल्या दिवशी आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादानं चार वर्षांची बंदी घातली. म्हणून बिनलेबलचा डबा, जिममधल्या कुणी दिलेली पुडी, दुसऱ्याच्या बाटलीतलं पाणी, काही घ्यायचं नाही, औषध लागलं तर डॉक्टरला आधी सांगायचं मी खेळाडू आहे. बाहेरनं स्टेरॉइड घेतलं की अंग स्वतःचं टेस्टोस्टेरॉन बनवायचं थांबवतं, गोळ्यांनी लिव्हर जातंय, हृदयावर ताण येतो, हे वस्तादांनी पोरांना उघड सांगितलं पाहिजे, लाजून चालणार नाही.

त्या दोघांना हे सगळं सांगेपर्यंत तालमीतली लाईट घालवायची वेळ झाली. व्हिडिओवाला पोरगा लंगोट पिळत म्हणाला, दादा, त्या मॅग्रिफचा व्हिडिओ हाय का?