गॉफमन यांच्या दृष्टीने सोलापुरातील दुकान कसे पाहावे

समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन (१९२२–१९८२) यांनी स्कॉटलंडमधील शेटलंड बेटांवरील निरीक्षणांतून असे दाखवले की, समोरच्यांवर पडणारी आपली छाप माणूस सतत सांभाळत असतो आणि त्यासाठी त्याला रंगमंचासोबत पडद्यामागची जागाही लागते. १९५६ मध्ये पुस्तकरूपाने आलेली ही मांडणी आज समाजमाध्यमांवरील वर्तनाच्या अभ्यासातही वापरली जाते. तिची ताकद मात्र स्वतः पाहूनच उमगते.

त्यासाठी सोलापुरात चादरींचे एखादे दुकान निवडावे. मालकाची परवानगी आधी घ्यावी. चोरून केलेली नोंद मला अयोग्य वाटते. गिऱ्हाईक आत येताच विक्रेत्याचा आवाज आणि बसण्याची ढब कशी बदलते, चादर उलगडताना तो गिऱ्हाईकाच्या कुटुंबातील कोणाकडे पाहतो, भाव सांगण्यापूर्वी किती थांबतो आणि घासाघीस फिसकटल्यावर दोघेही एकमेकांचा मान राखून कसे बाजूला होतात, हे क्रमाने लिहावे. हा शेवटचा क्षण सर्वांत मोलाचा, कारण परस्परांची अब्रू जपणे हा गॉफमन यांच्या विचारात रोजच्या भेटीगाठींचा पायाच आहे. नंतर तोच विक्रेता मागच्या गोदामात सहकाऱ्यांशी कसा बोलतो ते पाहावे. मराठीतून तेलुगू किंवा कन्नडकडे वळणे येथे विशेष लक्ष देण्याजोगे असते.

एस.टी. स्थानकावर अनोळखी प्रवासी एकमेकांकडे ओझरते पाहून नजर वळवतात, त्याचीही नोंद करावी. हेतूंचा अंदाज बांधू नये. घडले तेवढेच, त्याच दिवशी, नावे वगळून लिहावे.