फ्रेझल व्हर्ब शिकताय? शेपूट धरा

माझ्या इंग्रजीच्या वर्गात कुणी ‘गेट’च्या फ्रेझल व्हर्बची, म्हणजे क्रियापद आणि छोटा शब्द मिळून नवा अर्थ देणाऱ्या जोड्यांची, यादी वहीत उतरवून आणली, की मी ती वही आधी मिटायला सांगते. गेट अप, गेट ऑन, गेट ऑफ, गेट ओव्हर, गेट बाय... ही पलटण एका बैठकीत पाठ होते आणि चार दिवसांनी कुणाचा अर्थ कुणाला चिकटतो ते कळेनासं होतं.

त्यापेक्षा क्रियापदामागचा तो छोटा शब्द बघा: अप, ऑफ, आउट, ऑन. मी त्याला शेपूट म्हणते. अर्थाची दिशा पुष्कळदा त्यातच असते, म्हणून वहीत पानं शेपटांप्रमाणे पाडा.

‘अप’चं पान घ्या. ईट म्हणजे खाणे, ईट अप म्हणजे खाऊन टाकणे. यूज अप, वापरून संपवणे. टेअर अप, फाडून तुकडे करणे. ‘खाऊन टाक’ म्हणताना आपणही काही फेकत नसतो. टाकणे, बसणे, जाणे ही क्रियापदं दुसऱ्याच्या मागे लागली की मूळ अर्थ सोडतात. तेव्हा हा प्रकार मराठी माणसाला परका नाही, उगाच बाऊ केला जातो. ‘ऑफ’च्या पानावर तुटणं, थांबणं, लांबणं येईल: स्विच ऑफ, कॉल ऑफ म्हणजे ठरलेलं रद्द करणे, पुट ऑफ म्हणजे पुढे ढकलणे. ‘ऑन’वर चालू राहणं: कॅरी ऑन, कीप ऑन.

काही मात्र या हिशेबात बसत नाहीत. पुट अप विथ म्हणजे सहन करणे. तिथे तर्क लढवू नका, अख्खं वाक्य पाठ करा.

आता सगळ्यात जास्त चुका होतात ती जागा. ‘टर्न ऑफ द लाइट’ चालतं, ‘टर्न द लाइट ऑफ’ही चालतं. पण ‘लाइट’च्या जागी ‘इट’ आलं, की ते मधेच बसणार: ‘टर्न इट ऑफ’. ‘टर्न ऑफ इट’ चूक. याउलट लुक आफ्टर, म्हणजे काळजी घेणे, कधीच फुटत नाही, ‘लुक आफ्टर हिम’ असंच. याचे नियम घोकायची गरज नाही. वहीत नुसतं ‘पुट ऑफ’ न लिहिता ‘पुट इट ऑफ’ लिहा, ‘लुक आफ्टर’ न लिहिता ‘लुक आफ्टर हिम’ लिहा. क्रम आपोआप तोंडात बसतो.

तोंडात बसवताना जोर कुठे द्यायचा तेही बघा. ‘टर्न इट ऑफ’मध्ये आवाज ‘ऑफ’वर चढतो, आपण सवयीने ‘टर्न’वर चढवतो. ‘टेक ऑफ’ क्रियापद असेल तर जोर ‘ऑफ’वर, विमानाचं ‘टेकऑफ’ हे नाम असेल तर ‘टेक’वर.

या टेक ऑफचे अर्थही बरेच आहेत: विमान उडतं, बूट काढले जातात, एखादा धंदा एकदम जोर धरतो. सगळे एकदम घेऊ नका. वाचताना जो भेटला तो लिहा, बाकीचे भेटतील तेव्हा.

एका दिवशी एकच शेपूट, त्याची तीन-चार क्रियापदं, आणि प्रत्येकाचं स्वतःच्या दिवसातलं खरं वाक्य. दातांच्या डॉक्टरकडे जाणं आजही टाळलंत? ‘आय पुट इट ऑफ अगेन.’ हे मोठ्याने म्हणा. औपचारिक अर्जात ‘पोस्टपोन’ शोभेल, पण बोलण्यात पुट ऑफच. आणि ‘वुई विल लुक इनटू इट’, म्हणजे आम्ही यात लक्ष घालू, हे तर कार्यालयीन ईमेलमध्येही सर्रास दिसतं.

काळ बदलताना गोंधळू नका: बदलतं ते क्रियापद, शेपूट तसंच राहतं. गिव्ह अपचं गेव्ह अप, रन आउटचं रॅन आउट.