रोबोटचा कॅमेरा अडखळतोय? वायफायला शिव्या देण्याआधी या चुका टाळा

रोबोटवरच्या नेटवर्क कॅमेऱ्याचं चित्र अडखळायला लागलं की जळगाव असो, धुळे असो की शिरपूर, टीममधलं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "वायफायच खराब शे भाऊ." मग नवा राउटर येतो, अँटेना येते, वर्गणी संपते आणि चित्र तसंच. फ्रेम, म्हणजे व्हिडिओतलं एकेक स्थिर चित्र, तीन ठिकाणी हरवू शकते: कॅमेऱ्यात, वाटेत किंवा लॅपटॉपवरच्या कोडमध्ये. ती कुठे हरवली हे न शोधता दिसेल ते सेटिंग बदलत सुटणं, ही सगळ्यात महाग चूक.

शोधायला फार वेळ लागत नाही. कॅमेरा लॅन केबलने थेट लॅपटॉपला जोडा आणि आपला प्रोग्रॅम बंद ठेवून व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये चित्र बघा. तिथेही मंदच दिसलं तर वायफाय निर्दोष. केबलवर ठीक आणि वायफायवर रडतंय, तर दोष वाटेत. दोन्हीकडे ठीक आणि फक्त प्रोग्रॅममध्ये मंद, तर कोड उघडा.

अंधाराचा विसर

याकडे कुणी बघतच नाही. सेकंदाला ३० फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमला जास्तीत जास्त १/३० सेकंद मिळतो. कॉलेज सुटल्यावर वर्कशॉपमध्ये एकच ट्यूबलाइट जळत असते. कॅमेऱ्याचं ऑटो एक्स्पोजर (उजेड किती वेळ आत घ्यायचा ते आपोआप ठरवणारी सोय) तो अंधार बघून शटर १/१० सेकंद उघडं ठेवतं, आणि मग राउटर कितीही भारी घ्या, १० च्या वर फ्रेम येणार नाहीत. परीक्षा सोपी आहे: कॅमेऱ्यासमोरच्या वस्तूवर मोबाइलचा टॉर्च मारा. चित्र लगेच पळायला लागलं तर चोर सापडला. कॅमेऱ्याच्या सेटिंगच्या पानावर एक्स्पोजर मॅन्युअल करा किंवा शटरची कमाल मर्यादा बांधा, रोबोटवर एलईडी पट्टी लावा. चित्र थोडं दाणेदार होईल, होऊ द्या. चालवणाऱ्याला फोटो काढायचा नाहीये. सेटिंगच्या त्याच पानावर पॉवर लाइन फ्रिक्वेन्सी (विजेची वारंवारता) ५० हर्ट्झ करून टाका. ती ६० वर राहिली तर आपल्याकडच्या दिव्यांखाली चित्रात पट्टे फिरतात.

हिशोब न करता रिझोल्यूशन वाढवणं

एमजेपेग या व्हिडिओ पाठवण्याच्या पद्धतीत प्रत्येक फ्रेम म्हणजे पूर्ण फोटो. ६४० बाय ४८० ची फ्रेम ४० किलोबाइटची धरा. सेकंदाला ३० म्हणजे सेकंदाला साधारण ९.६ मेगाबिट. तोच कॅमेरा लॅपटॉपवर, सरांच्या मोबाइलवर आणि व्हिजनच्या प्रोग्रॅममध्ये उघडा असेल, तर बहुतेक कॅमेरे प्रत्येकाला वेगळा प्रवाह पाठवतात. झाले जवळपास २९ मेगाबिट. ३२० बाय २४० वर पिक्सेल एक चतुर्थांश होतात, आणि चालवायला तेवढं चित्र पुरतं. स्पर्धेत बँडविड्थची मर्यादा असेल तर ती नियमावलीत आधी वाचा.

वाटेतल्या बाकी गोष्टी थोडक्यात. राउटर ॲल्युमिनियमच्या सांगाड्याच्या पोटात ठेवू नका. २.४ गीगाहर्ट्झवर राहावंच लागलं तर १, ६, ११ यांतलं मोकळं चॅनल घ्या. जमलं तर ५ गीगाहर्ट्झवर जा. आणि रोबोट उभा असताना चित्र छान, पण मोटार फिरली की तुटतं, असं असेल तर बॅटरीचं व्होल्टेज बघा. मोटार सुरू होताना ते खाली बसतं आणि राउटर किंवा कॅमेरा रीस्टार्ट होतो. त्यांना वेगळा रेग्युलेटर (व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग) द्या.

कोडमध्ये फ्रेम वाचणं आणि तिच्यावर प्रक्रिया करणं एकाच लूपमध्ये ठेवलं तर प्रक्रियेला लागणारा वेळ सगळ्यांना थांबवतो: १०० मिलिसेकंद लागले की १० फ्रेम, बस. वाचन वेगळ्या थ्रेडमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमच्या समांतर चालणाऱ्या भागात, ठेवा आणि जुन्या फ्रेम टाकून द्या, नाहीतर बफरमध्ये, म्हणजे फ्रेमच्या रांगेत, जुन्या फ्रेम साचून चित्र मागे राहतं. मागे राहणं आणि फ्रेम कमी असणं हे दोन वेगळे आजार आहेत.

मे महिन्यात भुसावळकडे पारा ४५ च्या आसपास जातो, आणि रोबोटवर बंद डबीत रास्पबेरी पाय हा छोटा संगणक असेल तर ८० अंशांच्या पुढे तो स्वतःच वेग कमी करतो. सकाळी ठीक आणि दुपारी मंद असा प्रकार दिसला, तर आधी डबीचं झाकण काढा, हीटसिंक आणि पंखा बसवा.