क्रोक्कांते: बदाम आणि साखरेची इटालियन चिक्की घरी कशी करावी

इटलीत नाताळच्या दिवसांत आणि गावोगावच्या जत्रांत बदामाची एक कडक, तांबूस वडी विकायला असते, तिला तिथे ‘क्रोक्कांते’ म्हणतात. साहित्य पाहिले तर ती आपल्या चिक्कीची सख्खी बहीण वाटते. फरक असा, की आपण बहुधा गुळाचा पाक करतो, तर क्रोक्कांतेसाठी साखर पुष्कळदा पाण्याशिवाय वितळवून तिला चांगला तांबूस रंग येईपर्यंत तापवतात. आपल्या चिक्कीचा पक्का पाक साधारण १५० अंश सेल्सियसच्या आसपास तयार होतो, इथे मात्र साखर १७० अंशांच्या थोडी पुढे न्यावी लागते. या वाढीव तापमानातच तिला किंचित कडसर, खमंग चव येते आणि ती चव नसेल तर हा पदार्थ नुसता गोड लागतो.

साहित्य मोजकेच आहे. बदाम आणि साखर समप्रमाणात, म्हणजे प्रत्येकी २५० ग्रॅम घ्यावी. त्याखेरीज एक चहाचा चमचा लिंबाचा रस, चिमूटभर मीठ, हवी असल्यास एका संत्र्याची बारीक किसलेली साल आणि ओट्याला लावण्यापुरते बिनवासाचे तेल लागते. बदाम ठाण्यात जांभळी नाक्यावर किंवा वाशीच्या एपीएमसीतील मसाला मार्केटमध्ये सुटे मिळतात. तिथे एक दाणा मोडून चावून पाहावा, कारण खवट दाणा भाजल्यावर सुधारत नाही, उलट त्याचा वास अधिकच जाणवतो. महाग मामरा बदाम यासाठी घेण्याचे कारण नाही. साधे कॅलिफोर्निया बदाम पुरेसे आहेत. साल काढावी की ठेवावी याबद्दल इटलीतही दोन्ही पद्धती आहेत, पण माझ्या मते साल ठेवावी, कारण तिचा हलका तुरटपणा साखरेला आवर घालतो. साल काढायचीच असेल तर गरम पाण्यातून काढलेले दाणे पूर्ण कोरडे करावे लागतात. खाडीकाठच्या आपल्या दमट हवेत ते पंख्याखाली नीट वाळत नाहीत, म्हणून १०० अंशांच्या ओव्हनमध्ये अर्धा तास ठेवणे बरे.

प्रथम बदाम भाजून घ्यावेत: ओव्हनमध्ये १६० अंशांवर दहा-बारा मिनिटे, किंवा कढईत मंद आचेवर, सतत परतत. दाणा मोडल्यावर आतून फिकट बदामी दिसला की भाजणे पुरे झाले. हे बदाम गरमच राहिले पाहिजेत. गार दाणे वितळलेल्या साखरेत पडले तर साखर त्यांच्याभोवती तत्काळ घट्ट होते, गोळे बनतात आणि ते मोडण्यासाठी पुन्हा आच वाढवावी लागते, तोवर तळाची साखर करपते. म्हणून ओव्हन बंद करून बदाम आतच ठेवावेत.

साखर वितळवण्यापूर्वी पुढची सगळी तयारी हाताशी हवी. ग्रॅनाइटच्या ओट्यावर बटर पेपर पसरून त्याला तेल लावावे, लाटणे आणि जड सुरी यांनाही तेलाचा हात फिरवावा. भांडे जाड बुडाचे आणि आतून पांढरे चकचकीत, म्हणजे स्टीलचे असावे. लोखंडी किंवा काळ्या नॉनस्टिक कढईत साखरेचा रंग कळतच नाही, आणि इथे सगळा निर्णय रंगावरच घ्यायचा असतो. आपल्याकडची साखर जाड दाण्याची असल्याने ती मिक्सरमध्ये क्षणभर फिरवावी, तरच ती एकसारखी वितळते. तिला लिंबाचा रस चोळून घ्यावा. या आंबटपणामुळे साखरेचे पुन्हा दाणे धरत नाहीत.

आता एक तृतीयांश साखर भांड्यात पसरून मध्यम आचेवर ठेवावी. काही वेळ काहीच घडत नाही असे वाटते, मग कडेची साखर ओलसर दिसू लागते, पारदर्शक होते आणि तिच्यातून सोनेरी ओघळ मधल्या पांढऱ्या साखरेत शिरतात. त्या क्षणी उरलेली साखर दोन वेळा करून वर भुरभुरावी आणि लाकडी उलथन्याने हलकेच कडेकडून आत ओढावी. मध्ये गुठळ्या झाल्या तर घाबरू नये, आच कमी करून थोडे थांबल्यास त्या विरघळतात. रंग मधासारखा झाला की पुढचा अर्धा मिनिट भांड्यावरून नजर हटवू नये. तो गडद तांबूस होऊन पहिली बारीक धुराची रेघ दिसण्याच्या आधीच आच बंद करावी, कारण तापलेल्या भांड्यात साखर आपोआप आणखी शिजत राहते. लगेच मीठ, संत्र्याची साल आणि गरम बदाम घालून भराभर ढवळावे. वितळलेली साखर उकळत्या पाण्यापेक्षा कितीतरी अधिक तापलेली असते आणि कातडीला चिकटून बसते, म्हणून लहान मुलांना स्वयंपाकघराबाहेर ठेवावे आणि ती बोटाने चाखू नये.

मिश्रण बटर पेपरवर ओतून पसरावे. इटलीत हे काम अर्ध्या लिंबाने करतात: कापलेली ओली बाजू वडीला चिकटत नाही आणि हलका वासही लागतो. आपले कागदी लिंबू यासाठी फार लहान आहे, बोटे तापलेल्या साखरेच्या जवळ जातात, म्हणून अर्धी मोसंबी सालीकडून धरून दाबावी किंवा वरून दुसरा बटर पेपर ठेवून लाटणे फिरवावे. जाडी साधारण एका बदामाइतकी असावी. तीन-चार मिनिटांत, वडी दाबल्यास लवते पण चिकटत नाही अशा अवस्थेत सुरीने काप द्यावेत. उशीर झाला तर वडी तुटते, तेव्हा तिला १५० अंशांच्या ओव्हनमध्ये काही मिनिटे ठेवून पुन्हा मऊ करता येते.

साठवणीत सर्वांत मोठा शत्रू म्हणजे हवेतील ओलावा. वितळून कडक झालेली साखर ओल खेचून घेते, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये ठाणे-नवी मुंबईत केलेली वडी उघडी राहिल्यास काही तासांतच चिकट होते. पूर्ण गार होताच ती घट्ट झाकणाच्या बरणीत भरावी, प्रत्येक थरामध्ये बटर पेपर घालावा. फ्रीजमध्ये ठेवू नये, कारण बाहेर काढताच तिच्यावर दव धरते. डिसेंबर-जानेवारीतील कोरडी हवा यासाठी सर्वांत योग्य असते. बरणीच्या तळाशी उरलेला चुरा जाडसर कुटून घ्यावा. इटलीत तो आइस्क्रीमवर पेरतात, आणि श्रीखंडावर पेरला तरी तितकाच छान लागतो, मात्र तो वाढताना ऐनवेळीच घालावा.