मिलिमीटरच्या खाली उतरताना: पायऱ्या मोजा, शून्यं नको

मिलिमीटरपर्यंत पट्टी साथ देते. त्याखाली शून्यांची रांग लागते आणि बहुतेक चुका तिथंच होतात. म्हणून शून्यं मोजू नका, पायऱ्या मोजा. १ मिलिमीटर म्हणजे १,००० मायक्रोमीटर, १ मायक्रोमीटर म्हणजे १,००० नॅनोमीटर, १ नॅनोमीटर म्हणजे १,००० पिकोमीटर. एक पायरी खाली उतरलं की दशांशचिन्ह तीन घरं उजवीकडे, वर चढलं की तीन घरं डावीकडे.

०.००००८२ मीटर हे माप घ्या. तीन घरं सरकलं की ०.०८२ मिलिमीटर, आणखी तीन घरं सरकलं की ८२ मायक्रोमीटर. इथं थांबा, कारण आकडा १ ते १,००० च्या मध्ये आला. माणसाचा केस साधारण एवढाच जाड असतो. ८२,००० नॅनोमीटर लिहिलं तरी ते बरोबरच, पण त्यातून डोळ्यांपुढे काही उभं राहत नाही.

सेंटीमीटर या पायऱ्यांवर बसत नाही. आधी त्याचे मिलिमीटर करा, मग खाली उतरा. अँगस्ट्रॉमही असाच मधला: १० अँगस्ट्रॉम म्हणजे १ नॅनोमीटर. ‘मायक्रॉन’ म्हणजे मायक्रोमीटरच. हे नाव १९६७ मध्ये अधिकृतपणे रद्द झालं, तरी कारखान्यांत आजही तेच तोंडी आहे.

आता हातानं मोजून बघा. एका जाड पुस्तकाची १०० पानं कव्हर सोडून घट्ट दाबून धरा आणि जाडी पट्टीनं मोजा. १० मिलिमीटर भरली तर एक पान ०.१ मिलिमीटर, म्हणजे १०० मायक्रोमीटर. पट्टी वाचताना अर्ध्या मिलिमीटरची चूक झाली तरी ती शंभर पानांत वाटली जाते, एका पानाच्या वाट्याला फक्त ५ मायक्रोमीटर येते. म्हणून तर गठ्ठा मोजायचा. मात्र छापलेले पृष्ठक्रमांक पाहून मोजलंत तर फसाल: क्रमांक २०० पर्यंत गेले की पानं १०० होतात. आणि पानं सैल धरली तर मधली हवाही मोजली जाते.

एकच पान मोजायचं असेल तर स्क्रू गेज, म्हणजे स्क्रू फिरवून बारीक जाडी मोजायचं साधन, लागतो. अर्ध्या मिलिमीटरचा आटा (एका फेऱ्यात स्क्रू तेवढा सरकतो) आणि फिरत्या भागावर ५० खुणा असतील, तर एक खूण म्हणजे ०.०१ मिलिमीटर, १० मायक्रोमीटर. त्यामुळे अशा गेजवर ‘१०३ मायक्रोमीटर’ हे वाचन खरं धरू नका. शेवटचा ३ अंदाजाचा असतो. जबडे रिकामे मिटवून आधी शून्य तपासा. शून्याऐवजी २ खुणा पुढे दिसत असतील तर प्रत्येक वाचनातून २० मायक्रोमीटर वजा करा. कागदाच्या जाडीचा तो पाचवा हिस्सा आहे, सोडून चालणार नाही. शेवटी रॅचेटनंच, म्हणजे ठरावीक दाबानंतर आपोआप घसरणाऱ्या टोकाच्या मुठीनंच, फिरवा. थेट बोटांनी आवळलं तर कागद चेपतो आणि जाडी कमी भरते.

त्याखाली हातानं मोजणं संपतं, ओळखीच्या खुणा लक्षात ठेवाव्या लागतात. तांबडी रक्तपेशी ७ ते ८ मायक्रोमीटर रुंद. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर, म्हणूनच साध्या सूक्ष्मदर्शकाला सुमारे २०० नॅनोमीटरपेक्षा जवळचे दोन ठिपके वेगळे दाखवता येत नाहीत. डीएनएची दुहेरी साखळी सुमारे २ नॅनोमीटर रुंद, आणि अणूंचा व्यास शंभर ते काहीशे पिकोमीटर.

क्षेत्रफळ काढताना मात्र हजाराची सवय आवरा. लांबीत हजार आणि रुंदीतही हजार, म्हणून १ चौरस मिलिमीटरात १० लाख चौरस मायक्रोमीटर बसतात.