आधारचा बारावा अंक स्वतः तपासणारा प्रोग्रॅम

आधार क्रमांकात बारा अंक असतात, पण बारावा अंक आधीच्या अकरांवरून ठरतो. तो काढायची रीत याकोबस व्हेरहोफ या डच गणितज्ञाने १९६९ साली मांडली. मी साताऱ्यातल्या एका पतसंस्थेत काउंटरवर बसते आणि रात्री जेवणं आटोपली की पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा उघडते. मला हे कोडं फार जवळचं वाटतं, कारण दिवसभर ज्या चुका समोर येतात त्यांच्यावरच ते बेतलेलं आहे: एखादा अंक चुकीचा पडणं आणि शेजारचे दोन अंक उलटे पडणं. व्हेरहोफने तपासलेल्या चुकांमध्ये पहिल्या प्रकारच्या सुमारे ७९ टक्के होत्या, दुसऱ्या प्रकारच्या सुमारे १० टक्के.

कोडकडे वळण्याआधी कपाटातलं एखादं पुस्तक काढा. मागे तेरा अंकी आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक असेल. त्यातल्या अंकांना आळीपाळीने १ आणि ३ ने गुणून बेरीज केली की तिला १० ने पूर्ण भाग जातो. आता समजा, त्यात २ आणि ७ शेजारी आहेत आणि कुणी ते ७२ असे लिहिले. या दोन अंकांची बेरीज २३ ऐवजी १३ होते. फरक बरोबर दहाचा, म्हणून चूक निसटते. गुणक बदलूनही सुटका नाही. एकेरी चूक हमखास पकडायची तर गुणक १, ३, ७, ९ यांतलाच हवा. हे सगळे विषम, त्यांच्यातला फरक सम, आणि सम संख्येला पाचाने गुणलं की दहाची पट आलीच. इथे व्हेरहोफने गुणकांचा नाद सोडून बेरीजच बदलली.

पुठ्ठ्याचा एक सुसम पंचकोन कापा, म्हणजे सगळ्या बाजू आणि सगळे कोन सारखे असलेला. तो फिरवून पुन्हा त्याच जागी बसवायचे पाच प्रकार, त्यांना ० ते ४ म्हणा. पलटून बसवायचे पाच, ते ५ ते ९. आधी फिरवून मग पलटा, नंतर आधी पलटून मग फिरवा: पंचकोन वेगळा बसतो. साध्या बेरजेत क्रमाला किंमत नसते, इथे असते. अंकांची अदलाबदल पकडायला नेमकं हेच हवं.

आता फंक्शन लिहा. पायथन ३ मध्ये नावं देवनागरीत चालतात, मी याला 'जोड' म्हणते. त्याला दोन अंक द्यायचे. दोन्ही ५ पेक्षा लहान असतील तर बेरीज करून ५ ने भागल्यावरची बाकी. पहिला लहान आणि दुसरा ५ किंवा मोठा असेल तर दुसऱ्यातून ५ वजा करा, बेरजेची बाकी घ्या, त्यात ५ मिळवा. पहिला मोठा, दुसरा लहान: पहिल्यातून ५ आणि दुसरा अंक वजा करा, बाकी घ्या, ५ मिळवा. दोन्ही मोठे: पहिल्यातून दुसरा वजा करून नुसती बाकी. पायथनमध्ये ऋण संख्येचीही बाकी धन येते. सी किंवा जावास्क्रिप्ट वापरत असाल तर बाकी काढण्याआधी ५ मिळवा.

एक अडचण उरते. ० ते ४ या अंकांची आपापसातली जोड साध्या बेरजेसारखीच असते, तिथे क्रमाने फरक पडत नाही. म्हणून जागेनुसार अंक बदलून घ्यायचे. ० ते ९ ऐवजी अनुक्रमे १, ५, ७, ६, २, ८, ३, ०, ९, ४ अशी यादी ठेवा. उजवीकडून पहिला अंक आहे तसाच घ्या, दुसरा यादीतून एकदा बदला, तिसरा दोनदा, चौथा तीनदा. आठ वेळा बदलला की अंक मूळपदावर येतो.

२३६३ कागदावर करून पाहा. सुरुवात ० पासून. उजवीकडचा ३ तसाच, जोड ३. मग ६ चा होतो ३, आणि ३ व ३ ची जोड १. पुढचा ३ दोनदा बदलून पुन्हा ३, जोड ४. शेवटी २ चा ७, ७ चा ०, ० चा १. ४ आणि १ ची जोड ०. शून्य आलं, क्रमांक बरोबर. २६३३ करून पाहा, शेवटी ४ येतील.

एवढ्यावर थांबू नका. चार अंकी सगळे दहा हजार क्रमांक प्रोग्रॅममधून काढा, बरोबर एक हजार पास व्हायला हवेत. त्या प्रत्येकाचा एकेक अंक बदला, ३६ शक्यता होतात. मग शेजारचे वेगळे अंक उलटवा. एकही पास होता कामा नये. झाला, तर बहुतेक 'जोड'च्या तिसऱ्या नियमात गडबड आहे.

शेवटी स्वतःचा आधार क्रमांक घालून पाहा, पण तो फाइलमध्ये लिहून ठेवू नका, प्रोग्रॅम चालवताना टाइप करा. दुसऱ्याचा तर घेऊच नका. आणि शून्य आलं म्हणजे तो क्रमांक कुणाला दिलेला आहे असं समजू नका. मनाला येतील ते अंक लिहिले तरी दहातला एक पास होतो. ही तपासणी फक्त हात चुकला तर सांगते, खोटेपणा ओळखत नाही.

पुढचं काम तुमच्यावर सोपवते: शेजारचे नव्हे, एकाआडचे अंक उलटवा. यातल्या काही जोड्या निसटतात. त्या शोधून त्यांची यादी करा.